मदत हवी आहे - कार्डिफमध्ये हाउसिंग असोसिएशनचं भाडं थकलंय

नमस्कार मंडळी, वेल्समध्ये राहणाऱ्यांनी प्लीज वाचा. माझी मावसबहीण कार्डिफला हाउसिंग असोसिएशनच्या (कमी भाड्यात घरं देणाऱ्या ना-नफा संस्थेच्या) टू बेडरूम फ्लॅटमध्ये राहते, ब्रिटिश नागरिक आहे, केअर होममध्ये काम करते पण तिचे तास कमी केलेत आणि मुलगा नोकरीसाठी कायमचा दुसरीकडे गेला, त्यामुळे आता एक खोली जास्तीची धरून युनिव्हर्सल क्रेडिटमधल्या (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारा सरकारी भत्ता) भाड्याच्या रकमेतून 14 टक्के कापतात, ज्याला सगळे बेडरूम टॅक्स म्हणतात तेच. उरलेलं तिनेच भरायचं, ते कुठून आणणार? दोन खोल्या जास्त असत्या तर 25 टक्के गेले असते म्हणे.

थकबाकीचं पत्र आल्यापासून ती झोपत नाहीये हो. मी तिला सांगितलं की पत्राला उत्तर दे, गप्प बसू नको, आणि जमतील तेवढे पैसे दरमहा भरत राहा.

काउन्सिलकडे डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंटचा, म्हणजे भाड्यासाठीच्या जादा मदतीचा, अर्ज करायचाय. कोणी केलाय का? बँक स्टेटमेंट किती महिन्यांचं मागतात, आणि आधीच्या थकबाकीला पण पैसे मिळतात का? भाडं थेट घरमालकाला जायची सोय केली तर थकबाकीचे हप्ते युनिव्हर्सल क्रेडिटमधून किती कापतील याचीही भीती वाटतेय तिला. वन बेडरूमवाल्याशी घर अदलाबदल केलेलं कोणी असेल तर त्यांनीही सांगा. शेल्टर कम्रीला (वेल्समधली घरांबद्दल सल्ला देणारी संस्था) फोन करणारच आहोत, पण मराठीत धीर देणारं कोणी कार्डिफमध्ये असेल तर मेसेज करा ना.