पाच वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि आजी : तिघांना एकत्र खेळता येईल असा व्हिडिओ गेम कोणता?

प्रश्न (डिचोली)

नमस्कार. दुबईहून परत आलेल्या माझ्या दिरांनी त्यांचा प्लेस्टेशन ४ आमच्या मुलांसाठी ठेवला आहे. पावसाळ्यात आमच्याकडे मुलांना अंगणात सोडता येत नाही आणि चवथीला मूळ घरी सगळे जमले की आठ-दहा मुले एकाच खोलीत असतात. तेव्हा प्रत्येकाने मोबाइल घेऊन वेगळा कोपरा धरण्यापेक्षा सर्वांनी एका टीव्हीसमोर मिळून खेळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

‘घरातले सगळे खेळतात’ असे सांगून एका दुकानदाराने आम्हाला फुटबॉलचा गेम दिला होता. मुलगा त्यात रमला. मुलीला मात्र तो जमेना. मग त्याने एक युक्ती केली. दुसरा कंट्रोलर तिच्या हातात द्यायचा, पण तो सुरूच करायचा नाही. ती कित्येक दिवस बटणे दाबत, आपणच गोल केला म्हणून टाळ्या वाजवत होती. गेल्या आठवड्यात तिने विचारले, ‘दादाच्या कंट्रोलरला निळा दिवा आहे, माझ्या का नाही?’ त्यानंतर ती खेळायला बसलेली नाही. सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांनाही मुलांबरोबर बसायला आवडते. तिघांना खरोखर भाग घेता येईल असा गेम कृपया सुचवावा.

उत्तर (फोंडे)

आमच्या घरी याच कामासाठी निन्टेंडो कंपनीच्या स्विच या गेम कन्सोलवरचा ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ आहे. २०१७ साली आलेल्या या शर्यतीच्या गेममध्ये टीव्हीचा पडदा विभागून एकाच कन्सोलवर चौघांना खेळता येते. गाडी निवडताना स्मार्ट स्टिअरिंग आणि आपोआप वेग ही दोन्ही सुरू केली, की अगदी लहान मूलही रस्त्यावरून खाली न पडता शर्यत पूर्ण करते. आमचा धाकटा साडेचार वर्षांचा असल्यापासून खेळतो.

परंतु हा गेम प्लेस्टेशनवर मिळत नाही आणि केवळ त्यासाठी नवा कन्सोल घ्यावा असे मी सुचवणार नाही. आम्ही २०२१ मध्ये स्विच घेतला तेव्हा कंपनीची भारतात अधिकृत विक्री नव्हती. दुरुस्तीची वेळ आली तेव्हा वॉरंटीचा काहीही उपयोग झाला नाही.

उत्तर (पेडणे)

मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. वरील गेम चांगलाच आहे, पण आपोआप वळणारी आणि आपोआप धावणारी गाडी हीसुद्धा न लावलेल्या कंट्रोलरची सख्खी बहीण आहे, असे मला वाटते. पाच वर्षांच्या मुलीने एकदा फसवणूक ओळखली आहे. बटण सोडले तरी गाडी धावते, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागणार नाही. तिला सोपे काम द्यावे, पण ते खरे असावे. तिने ते केले नाही तर दादाचे अडले पाहिजे.

या दृष्टीने प्लेस्टेशन ४ वर मिळणारा ‘रेमन लेजंड्स’ पाहावा. यात चौघे एकाच पडद्यावर धावतात. कुणी पडला किंवा शत्रूचा धक्का लागला तर तो खेळातून बाद होत नाही; त्याचा फुगा होऊन तो हवेत तरंगतो आणि दुसऱ्या खेळाडूने टिचकी मारली की पुन्हा खेळात येतो. मोठी मुले घाई करतात, त्यामुळे फुगा बहुधा त्यांचाच होतो आणि मागे सावकाश येणारी धाकटी त्यांना सोडवते. आजींसाठीही काम आहे. लपवून ठेवलेले छोटे जीव मदतीसाठी हाका मारतात. धावण्याच्या नादात मुलांना त्या ऐकू येत नाहीत. ‘थांबा, इथे कुणीतरी ओरडते आहे’ असे सांगणारा माणूस सोफ्यावर असला तर खेळ अधिक रंगतो.

वेष्टनावरच्या वयाच्या आकड्याविषयीही सांगते. युरोपातील पेगी पद्धतीचे ३, ७, १२, १६ आणि १८ हे आकडे हिंसा, भीती, भाषा अशा गोष्टींसाठी असतात. गेम किती अवघड आहे हे त्यांवरून कळत नाही. ‘रेमन लेजंड्स’ला ७ आहे, म्हणून पहिले काही दिवस मुलीजवळ बसावे. दोघांनी खेळायचा म्हणून नावाजलेला ‘इट टेक्स टू’ मात्र सध्या नको. त्याला १२ आहे आणि त्याची कथा आईवडिलांच्या घटस्फोटाभोवती फिरते.

उत्तर (वाळपई)

वरील मताशी सहमत आहे. ‘ओव्हरकुक्ड’ कुणी सुचवला तर थोडे थांबावे. मिळून स्वयंपाक करण्याची कल्पना सुंदर आहे, पण घड्याळ धावत असते. आमच्या घरी मोठ्या मुलीने धाकट्याला ‘ताट दे, ताट दे’ म्हणून रडवले होते.

आमच्याकडे पावसात वीज सारखी जाते. कन्सोल इन्व्हर्टरवर घ्यावा, नाहीतर मुलांनी खेळात मिळवलेले वाया जाऊ शकते. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासाच्या आत ठेवायला सांगते; चवथीच्या गर्दीत घड्याळ मोठ्यांनीच पाहावे.

आणखी एक. प्लेस्टेशन ४ च्या पहिल्या कंट्रोलरचा दिवा निळा असतो, दुसऱ्याचा लाल, तिसऱ्याचा हिरवा. हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

प्रश्नकर्ती (डिचोली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. म्हापशाच्या मावसभावाकडून ‘रेमन लेजंड्स’ची डिस्क आणली. पहिले दोन दिवस मुलगी कंट्रोलर हातात घ्यायला तयार नव्हती. मग मुलाने स्वतःहून तिच्यासमोर तो सुरू केला आणि लाल दिवा तिला दाखवला. काल मुलाचा फुगा होऊन वर तरंगत होता आणि तो ‘सोडव, सोडव’ म्हणत होता. हिने आधी दिव्याकडे पाहिले, मग त्याला सोडवले. सासूबाईंना हाका सर्वांच्या आधी ऐकू येतात. चवथीसाठी हिरव्या दिव्याचा तिसरा कंट्रोलर कुणाकडून मिळतो का ते पाहते आहे.