समुद्राच्या पाण्यातल्या डीएनएला मराठीत काय म्हणावं?

वैशाली_धरमपेठ:
मुलांच्या मासिकासाठी एक विज्ञानलेख मराठीत करून राहिली आहे. समुद्राचं लिटर-दोन लिटर पाणी बारीक गाळणीतून काढायचं, गाळणीवर अडकलेल्या कातडीच्या पेशी, बुळबुळ, विष्ठा यांतला डीएनए तपासायचा आणि तिथं कोणाचा वावर आहे ते ओळखायचं. प्राणी दिसायची गरजच नाही. मी ‘पर्यावरणीय डीएनए’ लिहिलं, तर भाचा म्हणतो, “मावशी, पर्यावरणालाही डीएनए असते का?” शिवाय ‘इल्युझिव्ह’ला काय लिहू? ‘दुर्मीळ’ नको. प्राणी संख्येनं भरपूर असूनही दिसत नसेल तर?

रानभूल:
‘माग’ आहे ना! आमचे आजोबा वनखात्यात होते. धुळीतला पंजा पाहून म्हणायचे, “शिळा माग आहे, रात्रीच गेला.” संस्कृत मार्ग, प्राकृत मग्ग, मराठी माग. ‘पाणमाग’ म्हणा.

पाचपावलीकर:
भाऊ, आमच्या कोष्ट्यांच्या वस्तीत पाणमाग म्हणाल तर लोक विचारतील, दिवसाला किती लुगडी निघतात? आणि पाण्याच्या झोतानं आडवा धागा फेकणारे माग खरंच असतात.

तत्सम:
परिसरस्थ जनुकद्रव्य. नेमका शब्द आहे, थोडी सवय करावी लागेल इतकंच.

पाचपावलीकर:
सवय होईस्तोवर पोरगं कॉलेजात जाईल.

नमुनेवाली:
माझं काम पाण्याचे नमुने तपासण्याचं, म्हणून ‘माग’वर आक्षेप. पंजा उमटला तिथंच राहतो. पाण्यातला डीएनए प्रवाहासोबत वाहतो आणि समुद्रात साधारण काही दिवसांत विरतो. मेलेल्या प्राण्याचाही सापडतो. म्हणजे ‘इथून गेला’ असं छातीठोक सांगता येत नाही. तो नेमका किती जुना, तेही कळत नाही. आमच्या आजीनं एका शब्दात सांगितलं असतं: उष्टं! तांब्याला तोंड लावलं की पाणी उष्टं. समुद्र सगळ्यांचा उष्टा.

तत्सम:
ताई, शास्त्रीय परिभाषेत ‘उष्टं’?

नमुनेवाली:
का नाही? लाळेतूनही डीएनए मिळतोच. आजीला पेशी ठाऊक नव्हत्या, पण काहीतरी मागे राहतं हे ठाऊक होतं.

वैशाली_धरमपेठ:
‘उष्टं’ मुलांना पटकन कळेल! लेखात कतारचा दाखला आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या समुद्राच्या पाण्यावरून तिथल्या ‘व्हेल शार्क’ची जनुकीय विविधता अजमावली होती. मी ‘देवमासा’ लिहिलंय.

रानभूल:
चूक! देवमासा म्हणजे व्हेल, तो सस्तन. व्हेल शार्क हा खराखुरा मासा, जगातला सर्वांत मोठा.

सासर_मालवण:
आमच्याकडे शार्कला मुशी म्हणतात. मग ‘देवमुशी’ करा.

तत्सम:
जो मासाच नाही त्याला देवमासा म्हणणंच मुळात अशास्त्रीय. आधी ते सुधारा.

पाचपावलीकर:
मग पाणघोडाही सुधारा. तो कुठं घोडा आहे?

वैशाली_धरमपेठ:
अहो, ‘इल्युझिव्ह’चं कोणी सांगेल का? उद्या मजकूर द्यायचाय.

रानभूल:
बुजरा.

नमुनेवाली:
बुजरा माणसाला पाहून पळतो. समुद्रातला प्राणी खोल पाण्यात आपल्याच नादात असतो, त्याला आपला पत्ताही नसतो. ‘नजरेस न पडणारा’ लिहा.

सासर_मालवण:
मुशीचं आंबट-तिखट कालवण खाल्लंय का कोणी? देवमुशीचं नव्हे हो, तिला 2001 पासून कायद्याचं संरक्षण आहे. साधी, लहान मुशी.

पाचपावलीकर:
नागपुरात कुठं मिळते?