पहिल्या दिवसाची गर्दी ओसरल्यावर

नव्या सॉफ्टवेअर उत्पादनाच्या लाँचची गर्दी आठवडाभरात ओसरली, की लगेच जाहिरातींवर खर्च करावा, असा सल्ला दिला जातो. दारव्हा तालुक्यातून तुटक नेटवर फाइल अपलोड पुढे चालू ठेवणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामरांसाठीचा तयार कोड, विकणारा म्हणून मला ती घाई वाटते. आधी मोजणी नीट करावी. डेव्हलपर मंडळी सर्रास ॲडब्लॉकर वापरतात, त्यामुळे गूगल ॲनालिटिक्समध्ये भेटींचा आकडा कमी दिसतो आणि सर्व्हरचे लॉग, म्हणजे भेटींच्या मूळ नोंदी, बॉट (स्वयंचलित प्रोग्राम) वगळून, वाचावेच लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस बहुधा ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे कुठून आला ते न कळलेल्यांत, जमा होतो, म्हणून प्रत्येक लिंकला यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, जोडावा. कोड ठेवण्याचे संकेतस्थळ गिटहब तर ट्रॅफिक फक्त मागच्या १४ दिवसांचे दाखवते. ते नियमित उतरवून ठेवले नाही, तर लाँचचा पुरावाच उरत नाही.

नवी उत्पादने जिथे लाँच करतात त्या प्रॉडक्ट हंट या संकेतस्थळाचा दिवस उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी १२.३० ला सुरू होतो, तेव्हा इन्व्हर्टर भरलेला असावा, इतकेच.

आमच्याकडे टिकलेले ग्राहक मात्र डॉक्युमेंटेशनच्या एका साध्या पानावरून आले. त्या पानाच्या शीर्षकात ‘ECONNRESET’ (ईकॉनरिसेट, म्हणजे जोडणी मध्येच तुटली) हा एरर जसाच्या तसा लिहिला आहे, कारण अडलेला प्रोग्रामर उत्पादनाचे नाव शोधत नाही, तो स्क्रीनवरची ओळ उचलून सर्चमध्ये टाकतो. आणि खाली आमचे नाव येण्याआधी, लायब्ररी न घेताही चालेल असा पूर्ण उपाय दिला आहे.