मदत हवी आहे : ओटीपोटाखालचे आवळलेले स्नायू सैल सोडायचे कसे?

मैत्रिणींनो, विषय नाजूक आहे, पण इथे नाही विचारणार तर कुठे?

वय ४१, मुलुंड ते सीएसएमटी रोजची लोकल. ऑफिसला पोचेपर्यंत लघवी दाबून धरायची, ही वीस वर्षांची सवय. गेलं वर्षभर सारखी लघवी लागल्यासारखं वाटतं, गेलं की धार अडकत अडकत येते, आणि खुर्चीत बसलं की माकडहाडापाशी ठणका. तीनदा युरिन कल्चर केलं, तिन्ही वेळा नॉर्मल. कुणी सांगितलं म्हणून केगल (लघवी रोखणारे स्नायू आवळायचे-सोडायचे व्यायाम) सुरू केले, अगदी मन लावून. त्रास दुप्पट झाला!

शेवटी एका फिजिओने तपासून सांगितलं की पेल्व्हिक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, कमकुवत नाही, उलट कायम आवळलेला आहे. केगल बंद. आता पोटाने श्वास घेते. श्वास आत घेताना छाती-पोटामधला पडदा खाली येतो, तसे तळाचे स्नायूही अलगद खाली सरकतात, ते आता हळूहळू जाणवायला लागलंय. बालासनही करते, कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल घेते. घरी बरं वाटतं. पण घाटकोपरला गर्दी आत घुसली की दात, खांदे, पोट आणि खालचं सगळं पुन्हा घट्ट!

ज्या यातून गेल्यात त्यांनी सांगा ना, गर्दीत उभ्याने सैल कसं सोडायचं? आतून बोटाने स्नायू मोकळे करायची ट्रीटमेंट कुणी घेतली आहे का? फार दुखतं का? मला तिची धास्ती वाटते. ठाणे ते दादरमध्ये हे काम करणारी लेडी फिजिओ माहीत असेल तर प्लीज कळवा.