मैदानाचा प्रस्ताव आलाय, मंजूर व्हावा की नको?

शिंदेवाडीकर: काल इथे कुणीतरी लिहून गेलं, "आपल्या वॉर्डातल्या मनोरंजन मैदानाचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे आलाय. तो फेटाळा, आधी खड्डे बुजवा." राहवलं नाही म्हणून लिहितोय. अहो, रस्त्यांची तरतूद वेगळी असते! २०२५-२६ चं मुंबई महापालिकेचं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं. त्यातून एका मैदानाला मूठभर माती मिळू नये? पोरं पार्किंगमध्ये खेळतात, आरसा फुटला की बोलणी आईबापांनी खायची.

खड्डेग्रस्त: "कुणीतरी" काय, मीच लिहिलंय. मागच्या नूतनीकरणात काय मिळालं? भोवती पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, कोपऱ्यात सेल्फी पॉइंट, वर नगरसेवकाच्या नावाची कमान. खेळायला उरलं ते अंगण.

पाच फेऱ्या: ट्रॅकला नावं ठेवू नका. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलंय. आपल्या फुटपाथवर चालून दाखवा! आणि तुमच्या पोरांचा सीझन बॉल माझ्या पाठीत बसलाय. आठवडाभर वळ होता.

थर्डमॅन: काका, तुम्ही मिडविकेटवरून चालता, तेही पाठ करून. आम्ही आझाद मैदानावर कांगा लीग खेळलोय, भर पावसात. बॉल गवतात गेला की शोधेपर्यंत तीन रन. २२ पिचेस एकमेकांना खेटून, आपला कव्हर शेजारच्या मॅचच्या लाँगऑनला टेकलेला. कुणी रडलं नाही.

पाच फेऱ्या: आझाद मैदानाच्या गोष्टी तिकडे सांगा. गल्लीतल्या मैदानात सीझन बॉल आणायचा तर आधी जाळी लावा.

थर्डमॅन: जाळी काय झाडाला लागते? त्यालाच तर पैसे मागतायत!

चौथा मजला, शिवाजी पार्क: भांडा खुशाल, पण माती जपून घाला. आमच्याकडे लाल माती आली तेव्हा मीही खूश होते. आता थंडीत सकाळी देव पुसले की संध्याकाळी गणपतीच्या सोंडेवर तांबडा थर. खिडकी उघडायची सोय नाही.

थर्डमॅन: मग काय, काँक्रीट ओतायचं?

चौथा मजला, शिवाजी पार्क: गवत लावा, रोज पाणी मारा. आणि रोज मारणार कोण ते आधी ठरवा. उद्घाटनाला टँकर येतो, नंतर तोंड दाखवत नाही.

शिंदेवाडीकर: हे मात्र खरं. देखभालीचे पैसे प्रस्तावातच हवेत.

खड्डेग्रस्त: कमान नाही, सेल्फी पॉइंट नाही, दुपारी गेटला कुलूप नाही, एवढं लेखी आणा. मग मी गप्प. खड्डे चुकवत चुकवत उद्घाटनालाही येईन.

पाच फेऱ्या: आणि ट्रॅकचं काय ठरलं?