मदत हवी आहे : ड्रमच्या ब्रशाचा पिसारा वाजवता वाजवता कमी-जास्त करायचा आहे

गिरणाकाठ
नमस्कार. ड्रम वाजवण्यासाठी जो तारांचा ब्रश वापरतात, तो मी स्वतः तयार करत आहे. तयार ब्रशात तारा एका दांड्याला बसवलेल्या असतात; त्याच्या मागची कडी ओढली की तारा नळीत जातात आणि ढकलली की बाहेर येऊन पसरतात, एवढीच सोय असते. मला तारांचा पिसारा कार्यक्रम चालू असताना हवा तेवढा बदलता आला पाहिजे, म्हणजे एका गझलेला मऊ आणि पुढच्या उडत्या चालीच्या गाण्याला कडक. आतापर्यंत दोन नमुने केले. पहिल्याचा दांडा तिसऱ्याच गाण्यात आत सरकला. दुसऱ्याच्या तारा मुळाशी तुटू लागल्या. अकरा गेल्या, आणि त्यातली एक उडून थेट पेटीवाल्याच्या भात्यावर जाऊन पडली. शिवाय आवाजही मनासारखा येत नाही. कोजागिरीला चाळीसगावात कार्यक्रम आहे आणि हातात तीन आठवडे आहेत. कृपया "तयार ब्रश विकत घ्या" असे सांगू नये. रचना सुचवावी.

पांझराकाठी
आपण नको म्हणालात तरी सांगतो, तयार ब्रश विकत घ्या. दोन जोड्या ठेवा, एक मऊ आणि एक कडक. गाणे बदलले की जोडी बदलायची. यात रचना कसली करायची?

लेथवाला
भाऊ, माझे भुसावळला लेथचे छोटे काम आहे, त्यामुळे नळी, दांडा आणि आटे एवढे मी पाहू शकतो. पण तुमच्या प्रश्नात मापच नाही. तार कोणती आणि किती जाडीची आहे? नळीबाहेर किती लांबी राहते? तारा दांड्याला कशा बसवल्या आहेत? आणि सर्वांत महत्त्वाचे, "कमी-जास्त" म्हणजे नेमके काय : पसारा, लांबी की कडकपणा? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

गिरणाकाठ
तार साधीच आहे, हार्डवेअरच्या दुकानातली. दुसऱ्या नमुन्यात चांगली स्प्रिंगची घेतली. तारा नेहमीसारख्याच बसवल्या आहेत. आणि कमी-जास्त म्हणजे कमी-जास्त, तिन्ही.

लेथवाला
"नेहमीसारख्याच" म्हणजे कशा? ते कळल्याशिवाय तुटण्याचे कारण कोणालाही सांगता येणार नाही.

यावलकर_केळीबाग
तारेचा नाद सोडा. नायलॉन वापरा, गंजत नाही आणि तुटत नाही. गवत कापायच्या यंत्रात जी नायलॉनची दोरी लागते, ती आमच्या शेडमध्ये शेकडो फूट पडून आहे. आणि नळीसाठी ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल घ्या, आपल्याकडे तिला काय तोटा! हाताला ड्रमच्या काठीएवढीच लागते. मी भाच्यासाठी असा एक ब्रश करून दिला, तो शाळेच्या बँडमध्ये अजून वाजवतो.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
मी भौतिकशास्त्र शिकवत असे, ड्रम वाजवता येत नाही. तरी इथे थोडे गणित मांडतो, कारण त्यावाचून ही चर्चा नुसती मतांवर चालेल. एका टोकाला पक्की धरलेली तार वाकवायला किती जोर लागतो, हे तिच्या जाडीच्या चौथ्या घातावर आणि मोकळ्या लांबीच्या घनावर ठरते : जाडी वाढली की जोर वाढतो, लांबी वाढली की कमी होतो. म्हणजे ०.३ मिलिमीटरऐवजी ०.४ मिलिमीटरची तार घेतली, तर ती डोळ्यांना जवळपास तेवढीच दिसेल, पण तिप्पट कडक लागेल. आणि तीच तार १२० मिलिमीटरऐवजी ९० मिलिमीटर बाहेर ठेवली, तर कडकपणा सुमारे २.४ पट होईल. तेव्हा गिरणाकाठ यांना जो कडकपणा बदलून हवा आहे, तो लांबी ३ सेंटिमीटरने मागेपुढे करून सहज मिळतो. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही.

यावलकरांच्या नायलॉनबद्दल. नायलॉनची ताठरता पोलादाच्या साधारण शंभरावा भाग असते. म्हणून ०.३ मिलिमीटरच्या तारेइतका कडकपणा यायला नायलॉनचा धागा सुमारे १ मिलिमीटर जाड घ्यावा लागेल. गवतकापणीची दोरी बहुधा २.४ मिलिमीटरची असते. ती याच्या चाळीसपट कडक पडेल. त्याला ब्रश म्हणता येणार नाही, ती छड्यांची मोळी होईल.

यावलकर_केळीबाग
मास्तर, गणित तुमचे बरोबर असेल, पण भाच्याचा ब्रश वाजतो हे मी कानांनी ऐकले आहे.

सूरपेटी
वाजतो, पण काय वाजतो? नायलॉनचा ठोका स्पष्ट आणि मोठा येतो हे मान्य; उघड्या मैदानातल्या कार्यक्रमाला तो बराही वाटतो. गझलेत मात्र डाव्या हाताचा ब्रश हेडवरून, म्हणजे ड्रमवर ताणलेल्या पडद्यावरून, गोल फिरत राहतो आणि त्याची जी अखंड सळसळ निघते, तिच्यासाठीच ब्रश हातात घ्यायचा असतो. ती बारीक पोलादी तारेची जितकी सलग येते तितकी नायलॉनची येत नाही. मी ऑर्केस्ट्रात बारा वर्षे दोन्ही वापरून हे लिहिते आहे.

जुना_ढोलक्या
आमच्या वेळी हे ब्रश-बिश नव्हते. शिंदीच्या केरसुणीच्या पंचवीस-तीस काड्या सुतळीने घट्ट आवळायच्या आणि सुतळी पुढे-मागे सरकवायची. पुढे सरकवली की कडक, मागे घेतली की मऊ. आवाजाला कोरडी गोडी असे. एक सांगून ठेवतो, ढोलकीची शाई उन्हात वाळवू नका, सावलीत वाळवा. हल्लीच्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
शाईचे कोणी विचारलेले नाही. पण ढोलक्या आप्पांनी सुतळीची जी युक्ती सांगितली, तीच इथली खरी रचना आहे. आवळलेला बंद पुढे नेला की काडीची मोकळी लांबी कमी होते. दांडा न हलवता, बाहेरून सरकवता येणाऱ्या कड्याने हेच काम तारांवर होईल.

लेथवाला
होईल, पण कडे गोल असेल तर पुढे सरकवताच पिसारा मिटेल. लांबी कमी करताना पसारा तसाच राहायला हवा असेल तर कडे गोल न ठेवता चपटे, फटीसारखे करावे लागेल. तारा साधारण १२० मिलिमीटर बाहेर असून टोकाशी ११ सेंटिमीटर पसरत असतील, तर मुळापासून ३ सेंटिमीटरवर पिसाऱ्याची रुंदी पावणेतीन सेंटिमीटर भरते. तेवढीच फट ठेवली की कडे तिथे आल्यावर बाहेरच्या तारांना जेमतेम टेकेल आणि पसारा बिघडणार नाही. फटीची उंची मात्र तारांच्या थरापुरतीच ठेवायची, नाहीतर तारा कड्यात खडखडतील.

दांडा सरकण्याचा इलाज सोपा आहे. शिसे भरायच्या पेन्सिलीत ते धरणारा जबडा असतो, तसा पितळेचा चिरलेला जबडा नळीच्या मागच्या तोंडाशी बसवायचा आणि वरून आतून निमुळता नट आवळायचा. पाव फेरा दिला की दांडा जखडतो, उलट फिरवला की मोकळा. तयार ब्रशात बहुतेक वेळा नुसते रबर दांड्याला घट्ट धरून असते. ते झिजले किंवा हाताच्या घामाने ओले झाले की सरकतेच.

पांझराकाठी
एवढे सगळे पितळेचे केले तर मनगट दुखेल. त्रिमितीय छपाईने प्लास्टिकचे करा. धुळ्यात करून देतात.

लेथवाला
वजन मोजूनच बोलू. १४ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची, २०० मिलिमीटर लांबीची नळी पितळेची केली तर ६९ ग्रॅमच्या आसपास भरते आणि ॲल्युमिनियमची केली तर २२ ग्रॅम. नळी ॲल्युमिनियमची आणि फक्त जबडा पितळेचा, असे मी म्हणतो आहे. छापील प्लास्टिकचे आटे रोज आवळून-सोडून किती दिवस टिकतील? शिवाय मे महिन्यात बंद गाडीत राहिलेले छापील प्लास्टिक वाकडे होऊन माझ्याकडे दुरुस्तीला आलेले आहे. भुसावळचे ऊन तुम्हा धुळेकरांना सांगायला नको.

पांझराकाठी
ऊन धुळ्यालाही तेवढेच असते.

गिरणाकाठ
चर्चा छान चालली आहे, पण तारा तुटण्याचे काय? दुसऱ्या नमुन्याची स्प्रिंग तार ०.३५ मिलिमीटरची आहे, साठ तारा आहेत. मुळाशी पितळेच्या टोपीत घालून गॅसवर पितळी डाग देऊन बसवल्या, आमच्या गावात स्टोव्हची टाकी तशीच झाळतात. पक्के काम आहे, ओढून एकही तार निघत नाही.

लेथवाला
हे पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते, भाऊ. पितळी डाग लागायला ९०० अंशांच्या घरात उष्णता द्यावी लागते. त्यात तार लाल होते आणि तिचे पाणी उतरते. म्हणजे टोपीजवळच्या सेंटिमीटरभर भागात स्प्रिंग राहिलीच नाही, तिथे साधी मऊ तार आहे आणि सगळा वाक नेमका तिथेच येतो. निघत नाही म्हणून तुटते. कथिलाचा डाग द्या, तो २०० अंशांच्या आतबाहेर वितळतो आणि तारेला धक्का लागत नाही. पोलादावर कथिल चिकटायला आम्लाचा फ्लक्स लागतो. डाग झाल्यावर तो सोड्याच्या पाण्याने धुऊन टाका, राहिला तर गंज तिथूनच सुरू होईल. अथवा दोन भागांचा इपॉक्सी भरा. आणि टोपीची आतली कड गोल करा. धारदार कडेवर तार हजारो वेळा वाकली तर पाणी शाबूत असूनही तुटेल.

सूरपेटी
यात भर घालते. टोकांकडेही पाहा. पकडीने कापलेल्या तारेच्या टोकाला धारदार कूस राहते आणि ती हेडचा पांढरा लेप खरवडून काढते. सगळी टोके बारीक पॉलिश पेपरवर गोल घासून घ्यावी लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण हेडपेक्षा स्वस्त पडते. आणि एक विचारायचे राहिले : "आवाज मनासारखा येत नाही" असे आपण म्हटले होते. हेड कोणते आहे?

गिरणाकाठ
हेड चांगले आहे, नवीनच आहे. गणपतीत मंडळाने बदलून घेतले. अगदी काचेसारखे स्वच्छ, ड्रमच्या तळाशी लावलेल्या स्नेअरच्या तारासुद्धा दिसतात.

सूरपेटी
अहो, मग तुम्ही सोन्याचा ब्रश केला तरी आवाज येणार नाही! सळसळ निघते ती तारेची टोके खरखरीत पृष्ठभागावर घासल्यामुळे. पूर्वी वासराचे कातडे असे. १९५० च्या दशकात प्लास्टिकच्या फिल्मची हेडे आली, तेव्हा कातड्याचा तो पोत यावा म्हणूनच त्यांच्यावर पांढरा खरखरीत लेप देऊ लागले. गुळगुळीत पारदर्शक हेडवर तार नुसती घसरते. नवे हेड कार्यक्रमाआधी मिळाले नाही तर खरबरीत खाकी कागद हेडच्या मापाने कापून वरून चिकटपट्टीने लावा. मी सरावाला वर्तमानपत्रावरसुद्धा वाजवलेले आहे.

यावलकर_केळीबाग
बघा, म्हणजे भाच्याच्या ब्रशात दोष नव्हता!

निवृत्त_मास्तर_अमळनेर
भाच्याच्या ब्रशावर कोणी आरोप ठेवला नव्हता, यावलकर. गिरणाकाठ, साठ तारा कापण्याआधी थोड्या तारांवर चाचणी घ्या असे मी सुचवेन. त्यासाठी गिटारच्या सुट्या तारा उत्तम, कारण त्या पोलादाच्या असतात आणि पाकिटावर जाडी छापलेली असते. पहिली तार बहुधा ०.२३ ते ०.३ मिलिमीटरची आणि दुसरी ०.२८ ते ०.४ मिलिमीटरची मिळते. कड्याची जागा ठरली की मग वेटोळ्याची तार आणा. वेटोळ्यातली तार मुळात बाकदार असते. ती सरळ नळीत भरून २३० अंशांना अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवली की काही प्रमाणात सरळ होते. रंग फिकट पिवळा दिसला तर घाबरू नका, निळ्याच्या पुढे मात्र जाऊ देऊ नका.

पांझराकाठी
एक ऐकीव नव्हे, वाचलेली गोष्ट : हा ब्रश मुळात अमेरिकेत माशा मारण्याचे साधन म्हणून १९१० च्या दशकात निघाला होता, आणि तारा नळीत ओढून घेण्याची सोय तेव्हापासूनची आहे. तेव्हा दांडा सरकतो ही तक्रार शंभर वर्षांची झाली म्हणायची.

गिरणाकाठ
सर्वांचे आभार, आणि अर्धवट माहिती दिल्याबद्दल क्षमस्व. रविवारी जळगावहून गिटारच्या पहिल्या आणि दुसऱ्या तारेची पाकिटे आणली. दोन्ही जाडीच्या बारा-बारा तारा वेगवेगळ्या टोपीत इपॉक्सीने बसवल्या आणि पत्र्याचे चपटे कडे वाकवून सरकवून पाहिले. ड्रमवर खाकी कागद लावला होता. ०.३ मिलिमीटरची तार ११५ मिलिमीटरवर गझलेला चालते आणि कडे पुढे घेऊन ८५ वर आणले की ठोका उठतो, त्यासाठी ०.३५ ची गरज नव्हती. दोन्ही जागांवर बायकोच्या नेलपॉलिशने खुणा केल्या आहेत, म्हणजे अंधाऱ्या मंचावरही दिसतील. आता फक्त कडे वाजवताना पुढे घरंगळते, विशेषतः उजव्या हाताचे, कारण ठोका तोच देतो. लेथवाले दादा, जबड्यासारखे काही कड्यालाही करता येईल का?

लेथवाला
कड्याला जबडा नको, वजन टोकाकडे जाईल आणि ब्रश हातात उलटेल. कड्याला मागे दोन पातळ पाय काढू, ते नळीच्या दोन्ही अंगांनी मागे येतील. नळीवर दोन ठिकाणी उथळ खाच घेतो आणि पायांच्या टोकाशी आत रबराची ओ-रिंग बसवतो. ती खाचेत आली की टक् करून थांबेल आणि अंगठ्याने ढकलल्याशिवाय सुटणार नाही. एक खाच ११५ ला, एक ८५ ला. मधली हवी असेल तर आत्ताच सांगा, नंतर नळी पुन्हा लेथच्या चकात धरली की तिच्यावर ओरखडे येतात. शनिवारी आमच्याकडे वीज नसते, शुक्रवारी दुपारपूर्वी या, आणि पारदर्शक हेडवाला ड्रम नको, नुसत्या तारा आणा.

गिरणाकाठ
मधली १०० ला हवी. शुक्रवारी सकाळच्या पॅसेंजरने निघतो.

जुना_ढोलक्या
केरसुणीच्या काड्या हव्या असतील तर माझ्याकडे आहेत. भुसावळला उतरलात की निरोप द्या.