प्वारो तोच, सांगणारा नवा

लेखक गेला की त्याच्या गुप्तहेराला दुसऱ्याने हात लावू नये, असं काहींचं म्हणणं असतं, ते मला निम्मंच पटतं. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या वारसांच्या संमतीने सोफी हॅनाने २०१४ मध्ये ख्रिस्तीच्याच गुप्तहेरावर, प्वारोवर, 'द मोनोग्राम मर्डर्स' ही कादंबरी लिहिली, तेव्हा तिने प्वारोच्या बऱ्याच गोष्टी सांगणाऱ्या त्याच्या मित्राला, हेस्टिंग्जला, घेतलंच नाही. गोष्ट सांगतो तो कॅचपूल, स्कॉटलंड यार्डचा नवा माणूस. त्यामुळे भाषा ख्रिस्तीबाईंसारखी का नाही, हा प्रश्नच उरत नाही. सांगणारा बदलला की बोलणंही बदलणारच. काळही विचार करून निवडलाय, १९२९. मूळ मालिकेत १९२८ नंतर प्वारोची पुढची कादंबरी थेट १९३२ ची, म्हणजे मधल्या फटीत नवी गोष्ट बसते आणि 'कर्टन' या प्वारोच्या शेवटच्या कादंबरीतल्या शेवटाला धक्का लागत नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला वाचायची बंदी होती, तेव्हा इथे मंगळवार पेठेतल्या घरी रोज संध्याकाळी मी तिला हीच कादंबरी मराठीतून सांगत मोठ्याने वाचली. हॉटेलातल्या तीन खोल्या, तीन मृतदेह, प्रत्येकाच्या तोंडात एकेक कफलिंक, इथवर ती शेंगा सोलायच्या थांबवून ऐकत होती. शेवटी उलगडा लांबत गेला तशी म्हणाली, "प्वारो एवढं समजावत बसत नाही रे." तिचं बरोबर होतं, शेवट खरंच पसरट आहे. पण दुसऱ्या दिवशी चहा ठेवतानाच तिने विचारलं, "त्या कॅचपूलचं पुढचं पुस्तक आहे का?"